हायब्रीड सायकलवर केप टाउन सायकल टूर पूर्ण होईल का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. तुमचं वय ४७, बँकेत नोकरी, कोथरूडला घर. तीन वर्षांपासून हायब्रीड, म्हणजे सरळ हँडलची सायकल चालवता. रविवारी मुळशीपर्यंत जाऊन परत, म्हणजे ऐंशी किलोमीटरच्या आसपास होतात आणि चालत्या वेळेची सरासरी ताशी १८ पडते. दीर केप टाउनला असतात, ते मार्चमधल्या तिथल्या सायकल टूरला बोलावताहेत. १०९ किलोमीटर झेपतील का, सगळ्यांच्या मागे राहिले तर काय, आणि वाकलेल्या हँडलची रोड बाइक घ्यावीच लागेल का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

पुण्यात चाळिशीपुढच्या लोकांना सायकलिंग शिकवणं हेच माझं काम आहे, आणि माझ्याकडच्या काही जणांबरोबर ही टूर मी केलेली आहे. त्यावरून सांगतो, अंतर तुम्हाला झेपेल. ऐंशी किलोमीटर नियमित करणाऱ्या माणसाला नीट तयारीनंतर १०९ जड जात नाहीत. तुमचा खरा अडसर वेगळा आहे आणि तो तुमच्या प्रश्नात आलेलाच नाही. तो म्हणजे वारा, आणि वाऱ्यामुळे हातातून निसटणारी वेळ.

हिशोब करून बघू. टूरला एकूण सात तासांची मर्यादा असते. १०९ भागिले सात म्हणजे ताशी साडेपंधरा. तुमचा वेग १८, त्यामुळे निवांत वाटतं. पण १८ ने १०९ किलोमीटरला सहा तास तीन मिनिटं लागतात. त्यात पाणी, स्वच्छतागृह, एखादं पंक्चर असे चाळीस मिनिटं थांबलात तर उरली सतरा मिनिटं. आता पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये समोरून वारा लागला आणि वेग १४ वर आला असं धरा. तेवढ्यालाच साडेतीन तासांहून थोडं जास्त लागेल. उरलेले ५९ किलोमीटर १९ ने मारले तरी आणखी तीन तास सहा मिनिटं. म्हणजे पाय जमिनीला न टेकवता सहा तास चाळीस मिनिटं. शिवाय बंद केलेले रस्ते टप्प्याटप्प्याने वाहतुकीला खुले करायचे असतात, त्यामुळे वाटेतही वेळेचं भान ठेवावं लागतं. त्या वर्षीचं नियमपत्रक आल्यावर हा भाग शब्दन् शब्द वाचा.

वारा कुठे भेटतो हे कळायला मार्ग डोळ्यांसमोर आणावा लागेल. केप टाउन शहर द्वीपकल्पाच्या उत्तर टोकाला आहे. टूर तिथून निघते, पूर्वेच्या अंगाने दक्षिणेला उतरते आणि पश्चिमेच्या समुद्राकाठाने वर येऊन ग्रीन पॉइंटच्या स्टेडियमपाशी संपते. सुरुवातीला शहरातले रुंद महामार्ग, मग म्युझेनबर्गला समुद्र लागतो. तिथून काल्क बे, फिश हुक, सायमन्स टाउन. डाव्या हाताला फॉल्स बे, उजवीकडे डोंगर आणि मध्ये अरुंद रस्ता. सायमन्स टाउननंतर स्मिट्सविंकलचा लांबट, सौम्य चढ. केप पॉइंट अभयारण्याच्या फाटकापाशी वळण घेऊन स्कारबरोकडे उतार. मग नूर्डहूक, चॅपमन्स पीक, हाउट बे, सूकरबॉसीचा चढ, आणि कॅम्प्स बेवरून शेवट.

उन्हाळ्याच्या महिन्यांत तिथे आग्नेयेकडून वारा सुटतो. आपल्या मार्चमध्ये तिथला उन्हाळा सरत आलेला असतो, पण वारा अजून असतो. हा वारा शहरातली धूळ आणि धूर उडवून नेतो म्हणून लोक त्याला ‘केप डॉक्टर’ म्हणतात. २०१७ साली तो इतका सुटला की ताशी शंभर किलोमीटरवर झोत गेले, माणसांना उभं राहता येईना, हातातल्या सायकली उडायला लागल्या आणि टूर रद्द करावी लागली. तसा दिवस क्वचित येतो. ताशी पंचवीस-तीस किलोमीटरचा वारा मात्र तिथे नवलाचा नाही, आणि म्युझेनबर्गपासून स्मिट्सविंकलपर्यंत तो डाव्या खांद्यावरून तोंडावर येतो. केप पॉइंटचं फाटक मागे टाकलं की तोच वारा पाठीशी लागतो. म्हणजे कष्ट पहिल्या अर्ध्यात आणि मदत दुसऱ्या अर्ध्यात. हे ज्याला माहीत नसतं तो सायमन्स टाउनलाच हाय खातो, आपल्याने आता होत नाही असं समजून बसतो. खरं तर तिथे सगळ्यांचाच वेग पडलेला असतो.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा नसताना तुम्ही १८ ने जाता तेव्हा अंगावर १८ चीच हवा येते. थेट समोरून ३० चा वारा असेल आणि तरीही १८ चा हट्ट धरलात, तर अंगावर ४८ ची हवा येते आणि विरोध सातपट होतो. मांड्यांची ताकद वाढवून सातपटीवर मात करता येत नाही. इथे उपाय दोनच. वेगाचा हट्ट सोडायचा आणि श्वासावर चालवायचं, म्हणजे शेजारच्याशी अर्धं वाक्य बोलता येईल इतकाच जोर लावायचा. दुसरा उपाय, कोणाच्या तरी आडोशाला जायचं. पुढच्या सायकलच्या मागे नीट राहिलात तर पाव ते एक तृतीयांश कष्ट वाचतात.

हा दुसरा उपाय तुम्हाला शिकावा लागेल, कारण तुम्ही एकट्याने किंवा मैत्रिणीबरोबर चालवता असं लिहिलंय. दिंडीत चालताना जसं पुढच्याच्या पावलाकडे न बघता त्याच्या पाठीकडे बघत आपली ओळ धरून चालतात, तसंच इथे चालवायचं. नजर पुढच्याच्या चाकावर खिळवायची नाही. त्याच्या खांद्यावरून पलीकडचा रस्ता दिसला पाहिजे. अंतर आधी दोन सायकलींचं, सवय झाली की एका सायकलचं. त्याहून जवळ जायची तुम्हाला गरज नाही. पेडल मारणं अचानक थांबवायचं नाही, ब्रेक खस्सकन दाबायचा नाही. आणि आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीच शिरू द्यायचं नाही. वारा डावीकडून असला की आडोसा उजव्या अंगाला सरकतो, म्हणून मुरलेले लोक तिरकी रांग करतात. तुम्ही ते करू नका. थोडा आडोसा कमी मिळाला तरी चालेल, पण चाकात चाक अडकून पडणं परवडत नाही. एका बाबतीत आपलं सोपं आहे. तिथेही वाहतूक डावीकडूनच चालते, त्यामुळे डावीकडे राहायचं आणि उजवीकडून पुढे जायचं हे हाडात मुरलेलं असतं. मागून येणाऱ्याची हाक आली की डाव्या रेषेत स्थिर राहा, दचकून वळू नका.

हा सराव रविवारी पहाटे कोणत्याही सायकल ग्रुपबरोबर होतो. ‘मला मागे राहायला शिकायचंय’ असं सरळ सांगा. चांगला ग्रुप असेल तर कोणीतरी मुरलेला माणूस महिनाभर तुमच्या पुढे चालेल.

आता शेवटी राहण्याबद्दल. तुमच्या लिहिण्यातून हीच धास्ती सगळ्यांत मोठी वाटली, म्हणून जरा सविस्तर. या टूरचा जन्म शर्यतीतून झालेला नाही. १९७७ मध्ये बिल मायलरी आणि जॉन स्टेगमन यांनी केप टाउनमध्ये सायकलसाठी वेगळे मार्ग हवेत म्हणून शेकडो लोकांना सायकलवर रस्त्यावर आणलं. त्याच्या पुढच्या वर्षी, १९७८ मध्ये, पहिली टूर झाली आणि पाचशेहून थोड्या जास्त लोकांनी नाव दिलं. पुढे हा आकडा पस्तीस हजारांपर्यंत गेला. अडीच-पावणेतीन तासांत येणारे व्यावसायिक त्यात असतात, पण बहुसंख्य लोक साधे असतात. शाळेतली मुलं, सत्तरीतली जोडपी, दोघांच्या टँडेम सायकली, अंध साथीदाराला मागे बसवून नेणारे. रस्त्याकडेला लोक खुर्च्या टाकून, शेगड्या पेटवून दिवसभर बसलेले असतात आणि तुमच्या नंबराखालचं नाव वाचून हाक मारतात. सूकरबॉसीच्या चढावर तर शेवटच्या तासात येणाऱ्यांसाठीच जास्त आरडाओरडा होतो. साडेसहा तासांत येणाऱ्या बाईकडे तिथे कोणी वेगळ्या नजरेनं बघत नाही. ते तुमच्यासारख्यांचंच आहे, हे मनापासून सांगतो.

मात्र मागच्या गटात सुटण्याचा एक प्रत्यक्ष तोटा आहे. गट ठराविक मिनिटांच्या अंतराने सोडतात आणि ज्यांची आधीची नोंदलेली वेळ असते त्यांना पुढचे गट मिळतात. ज्यांची वेळच नाही ते मागे जातात. पहिले गट पहाटे सुटतात, मागचे ऊन चढल्यावर. दिवस चढतो तसा वाराही बहुतेक वेळा वाढतो. म्हणजे ज्याला वाऱ्याचा त्रास जास्त, त्यालाच जास्त वारा. यावर उपाय म्हणून भारतातली एखादी वेळ नोंदवणारी राइड प्रमाणपत्रासह पूर्ण करा आणि ती गट ठरवताना धरतात का, हे आयोजकांना पत्र लिहून विचारा. नाही म्हणाले तरी बिघडत नाही, तुमची वेळेची परीक्षा तर होऊन जाईल. नोंदणी आधीच्या वर्षातच सुरू होते, तेव्हा दिरांना तारखेवर लक्ष ठेवायला सांगा.

आतापर्यंतचं थोडक्यात: अंतर होईल, वेळ काठावर आहे, ती वाचवायची जागा म्हणजे पहिले पन्नास किलोमीटर, आणि तिथे ताकदीपेक्षा आडोसा व संयम कामाला येतो.

सरावाचं तुमच्या हाताशी सगळं आहे. हाताशी सात महिने आहेत. आठवड्यातून तीनदाच चालवा, पण नेमानं. दोन दिवस कामाआधी तास-सव्वा तास, आणि रविवारची लांब राइड. लांब राइड दर महिन्याला चारएक किलोमीटरनं वाढवत जानेवारीअखेर शंभरपर्यंत न्या, त्यापुढे वाढवू नका. दर चौथा आठवडा हलका ठेवा. त्या दोन दिवसांपैकी एक दिवस चढाचा. बोपदेव घाट घ्या, तो सूकरबॉसीपेक्षा लांबच आहे. सूकरबॉसी दोन-अडीच किलोमीटरचा, सहा टक्क्यांच्या आसपासचा चढ आहे. एरवी त्याची कोणी फिकीर केली नसती, पण तो नव्वदाव्या किलोमीटरच्या सुमाराला येतो, चॅपमन्स पीक उतरून हाउट बेला पोचल्यावर लगेच. म्हणून महिन्यातून एकदा तरी उलटा सराव करा: आधी सत्तर किलोमीटर सपाट-उताराचे, मग शेवटी बोपदेव. दमलेल्या पायांनी चढायची सवय ताज्या पायांनी चढून लागत नाही.

वाऱ्याचा सराव पावसाळ्यात होतो, म्हणजे आत्ता. पश्चिमेचा वारा आहे तोवर उघड्या माळावरचा, पूर्व-पश्चिम जाणारा रस्ता धरा. जाताना वारा तोंडावर येईल अशी दिशा ठेवा आणि वेगाचा आकडा दाखवणारं यंत्र झाकून टाका. कोपर वाकवा, खांदे सैल सोडा, गिअर एक हलका टाका आणि पेडल मिनिटाला ऐंशीच्या आसपास फिरत ठेवा. आकडा दिसत राहिला की माणूस त्याच्याशी भांडतो आणि तासाभरात रिकामा होतो. रस्ता ओला असेल तेव्हा आणि ट्रकच्या रस्त्यावर हा सराव करू नका.

झोतांचा प्रश्न वेगळा आहे. चॅपमन्स पीकचा रस्ता १९२२ साली पूर्ण झाला. नऊ किलोमीटरमध्ये ११४ वळणं, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खाली अटलांटिक. वळणाआड गेलं की वारा पूर्ण थांबतो, कड्याचा कोपरा आला की एकदम अंगावर येतो आणि सायकल हातभर बाजूला सरकते. हँडल आवळून धरलं तर सायकल जास्त डगमगते. बोटं ब्रेकवर, पकड हलकी, दोन्ही गुडघे आत, वजन पेडलवर. उतारावर वेग तीसच्या आत ठेवा. तिथे वाचणाऱ्या दोन मिनिटांसाठी धोका घ्यायची गरज नाही.

सायकलकडे वळतो. रोड बाइक घेऊ नका. सात महिन्यांत वाकलेल्या हँडलची सवय होते, पण वाऱ्यात आणि गर्दीत ती पक्की हवी आणि तुमच्याकडे शिकायच्या गोष्टी आधीच पुरेशा आहेत. तुमच्या हायब्रीडला पुढे तीन चक्र्या आहेत असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा सर्वांत हलका गिअर चढाला पुरून उरेल. बदल करायचे ते दोनच: खडबडीत टायर काढून ३२ मिलिमीटरचे गुळगुळीत टायर घाला, आणि हँडलच्या टोकांना बार एंड, म्हणजे पकडायच्या छोट्या दांड्या लावा, म्हणजे सहा तासांत हात बदलता येतात व तळवे बधिर होत नाहीत. टायर बदलल्याचा फरक तुम्हाला पहिल्याच रविवारी जाणवेल.

सायकल इथूनच न्या. ओळखीच्या दुकानातून नव्या सायकलीचं रिकामं खोकं मिळतं. पेडल काढा (डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, त्यावर जोर लावून आटे खराब करतात), मागचा डिरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) सोडवून चेनसकट फोममध्ये गुंडाळा, टायरमधली हवा कमी करा. विमान कंपनीला खोक्याचं माप आणि वजन आधी कळवा. हवेच्या छोट्या गॅस नळकांड्या बरोबर घेऊ नका, त्या तिथे घ्या. आणि निदान तीन-चार दिवस आधी पोचा. जुळणी करून एकदा सायमन्स टाउनपर्यंत जाऊन आलात की समुद्राकाठचा रस्ता आणि वारा ओळखीचा होईल. वेळेचा फरक साडेतीन तासांचाच आहे, त्याचा त्रास होत नाही.

खाण्यापिण्याचं मी सगळ्यांना एकच सांगतो: जे बोपदेवला पचलं तेच केप टाउनला खायचं. तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पुरतात. खजूर, राजगिऱ्याची वडी, केळं, जे तुम्हाला चालतं ते. भूक लागायची वाट न बघता पहिल्या पाऊण तासातच सुरुवात करा. वाटेत पाण्याची आणि कोकची केंद्रं असतात, पण प्रत्येकाशी थांबलात तर तुमची सतरा मिनिटं तिथेच जातील. दोन बाटल्या भरून निघा आणि तीनदाच थांबायचं ठरवा. पाणी तहानेप्रमाणे प्या. जास्त पाणी पिऊन रक्तातलं मीठ धोकादायक पातळीला उतरू शकतं, हे केप टाउनच्याच टिम नोक्स यांनी १९८५ मध्ये लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या अभ्यासातून मांडलं. हळू चालणाऱ्यांना हा धोका जास्त असतो, कारण त्यांच्याकडे प्यायला वेळ जास्त असतो.

काही गोष्टी मात्र मला इथून सांगता येणार नाहीत. तुमचं हिमोग्लोबिन, रक्तदाब, गुडघे यांची मला कल्पना नाही. सराव वाढवण्याआधी डॉक्टरांकडून रक्त तपासणी आणि ईसीजी करून घ्या. या वयात पाळी अनियमित होऊन कधीकधी हिमोग्लोबिन उतरलेलं असतं आणि बायका ‘दम लागतो, सरावच कमी पडतोय’ म्हणून स्वतःला आणखी रेटतात. माझ्याकडे येणाऱ्यांत हे वारंवार दिसतं. तसं निघालं तर आधी ते भरून काढा, सराव नंतर.

आणि जानेवारीअखेर एक चाचणी घ्या. शंभर किलोमीटर, शेवटच्या तीसमध्ये एक घाट, सगळे थांबे धरून. सव्वासहा तासांच्या आत झालं तर बिनधास्त जा. साडेसहाच्या पुढे गेलं, तर अलीकडच्या वर्षांत ४२ किलोमीटरचा छोटा मार्गही असतो, त्याची जागा शिल्लक आहे का ते दिरांना तेव्हाच बघायला सांगा. चाचणीचा आकडा इथे टाका, गिअर आणि टायरचे फोटोही टाका. त्यावरून शेवटच्या पाच आठवड्यांचं वेळापत्रक मी लिहून देतो.